अणुडॉक्टरची परीक्षा

नागपूरच्या धरमपेठेत मला ‘अणुडॉक्टर’ म्हणत. हे नाव कुणी पाडलं ते मला पक्कं ठाऊक होतं, पण ती व्यक्ती माझ्याच घरात राहून मला दोन वेळा जेवायला वाढत असल्यामुळे मी कधी तक्रार केली नाही.

मी मुळात साधा फिजिशियन. ताप, दमा, रक्तदाब, साखर. एकोणीसशे साठचं दशक संपता संपता आमच्या इस्पितळाला किरणोत्सारी आयोडीनने गळ्याची तपासणी करायचं यंत्र मिळालं. ते कुणाच्या गळ्यात घालायचं हे ठरवायला सगळ्या डॉक्टरांची बैठक भरली. त्या बैठकीला एकटा मीच हजर नव्हतो, मेहुण्याच्या लग्नाला अमरावतीला गेलो होतो. लग्नाचं जेवून परत आलो तेव्हा अणुविभागाचा प्रमुख झालेलो होतो.

शिकायला म्हणून मला दहा दिवस मुंबईला धाडलं. त्या दहा दिवसांत दोन रविवार आले, एक सणाची सुटी आली आणि एक दिवस माझं पोट बिघडलं. उरलेले सहा दिवस मी हात मागे बांधून मोठ्या माणसांचं काम पाहिलं. परतल्यावर मात्र ‘आम्ही मुंबईला असं करायचो’ हे वाक्य मी इतक्या वेळा वापरलं, की आमच्या वॉर्डातल्या सिस्टरला मी तिथे दोन-तीन वर्षं काढल्यासारखं वाटे.

काम अवघड नव्हतं, असं माझं मत होतं. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी आयोडीन ओढून घेते. थोडं किरणोत्सारी आयोडीन पाण्यातून पाजायचं आणि दुसऱ्या दिवशी गळ्यासमोर मोजयंत्र लावून ग्रंथीने किती ओढलं ते पाहायचं. ग्रंथी फार जोरात चालत असली, माणूस वाळत चालला, हात थरथरू लागले, डोळे बाहेर आले, तर तेच औषध मोठ्या मात्रेत द्यायचं. म्हणजे ग्रंथी आतल्या आत मंद होते. चिरफाड नाही, टाका नाही. औषध शिशाच्या जाड डब्यात बंद होऊन मुंबईहून विमानाने सोनेगावला येई. त्याची ताकद आपोआप घटत जाते, दर आठ दिवसांनी निम्मी. त्यामुळे सोमवारी आलेलं औषध शुक्रवारी द्यायचं तर किती उरलं याचा हिशेब करावा लागतो. मी तो मनातल्या मनात करायचो. आठ दिवसांत निम्मं, म्हणजे चार दिवसांत पाव कमी. शंभराचे पंचाहत्तर. मला माझ्या चपळाईचा अभिमान होता.

हा अभिमान पाच-सहा वर्षं सुखात नांदला. मग आमच्याकडे भौतिकशास्त्राच्या बाई आल्या.

बाई नागपूरच्याच, इंदोऱ्याच्या. वडील कापडगिरणीत होते. छप्पन साली धम्मदीक्षेच्या दिवशी वडिलांच्या खांद्यावर बसून सगळा सोहळा पाहिला, असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. पुढे एम.एस्सी. केलं, मुंबईत किरणांपासून बचावाचं वर्षभराचं शिक्षण घेतलं आणि तिशी गाठायच्या आत आमच्या तळमजल्यावरच्या खोलीत येऊन दाखल झाल्या. वडिलांनी त्यांना एक शिस्त लावली होती. कोणताही कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय सही करायची नाही. मी आयुष्यात एकही कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला नव्हता. आमचं जमणं कठीण होतं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, “सर, तुमचा फिल्म बॅज कुठाय?”

किरणांच्या खोलीत काम करणाऱ्याने छातीला एक छोटा बिल्ला लावायचा असतो. आतल्या फिल्मवरून त्या माणसाला महिन्याभरात किती किरण लागले ते मुंबईत मोजतात. माझा अहवाल दर महिन्याला शून्य यायचा आणि मी तो सगळ्यांना दाखवायचो. बघा, किती स्वच्छ हात.

“टेबलाच्या खणात आहे,” मी म्हणालो.

“महिनाभर?”

“हरवू नये म्हणून.”

 बाईंनी खण उघडला, बॅज काढला आणि पुढे केला. मी तो शाळकरी पोरासारखा खिशाला लावला. पंचाहत्तरचा हिशेबही त्यांनी त्याच आठवड्यात पकडला. “सर, पाव नाही जात. एकाहत्तर उरतात,” एवढंच म्हणाल्या आणि भिंतीवर एक तक्ता चिकटवला. मी तक्त्याकडे पाठ करून बसायला लागलो.

अशात सरकारी मसुदा आला. अणुऔषधं देणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने रीतसर शिक्षण घेतलेलं असावं, आधीपासून काम करणाऱ्यांनीही तीन महिने मुंबईला जाऊन अभ्यासक्रम करावा, भौतिकशास्त्र आणि गणित यांची लेखी परीक्षा द्यावी, असं त्यात होतं. हरकती असल्यास कळवा, असंही होतं. ही ओळ शेवटची होती. ती मला बाईंनी दाखवली.

मी घरी गेलो तो तापलेलाच.

“एकोणपन्नासाव्या वर्षी मी परीक्षेला बसू? माझ्या हाताखाली शिकून गेलेली पोरं तिथे मास्तर आहेत!”

बायको शाळेत गणित शिकवायची. ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, “मग ओळखीने चार मार्क जास्त मिळतील.”

“पंचवीस वर्षं मी लोकांचे गळे चाचपतोय. बोटांना कळतं मला. हे कळणं काय त्यांच्या पेपरात येणार आहे?”

“नाही येणार,” ती म्हणाली. “लॉगॅरिदम येणार आहे. म्हणून तर तुम्ही ओरडताय.”

बावीस वर्षांच्या संसारात बायकोने माझं निदान कधी चुकवलं नव्हतं.

शहरातल्या डॉक्टरांच्या संघटनेने मसुद्यावर चर्चा ठेवली. शुक्रवारी दुपारी चार वाजता, सदरमधल्या सभागृहात. विरोधाची बाजू मांडायची जबाबदारी अर्थातच अणुडॉक्टरकडे आली. नियमाच्या बाजूने आमच्याच इस्पितळातले एक्स-रेचे डॉक्टर बोलणार होते. ते माझे मित्र. रोज दुपारचा डबा आम्ही एकत्र खायचो आणि रोज भांडायचो. भाषण मी आठवडाभर घोकलं. सुरुवातीचं वाक्य होतं, ‘अनुभवाला सर्टिफिकेट लागत नाही.’ अंघोळीच्या वेळी ते फार छान घुमायचं.

त्या शुक्रवारी सकाळी एक रोगीण होती. काटोलकडच्या खेड्यातली पस्तिशीची बाई, गळ्याला गाठ, हातात पेला धरला तर पाणी हिंदकळावं इतकी थरथर. कापूस वेचणीचे दिवस होते. नवरा-बायको दोघंही शेत टाकून, पहाटेची एस.टी. धरून आले होते. भौतिकशास्त्राच्या बाईंनी मला आदल्या दिवशीच बजावलं होतं, “सर, मी सोनेगावहून नवा डबा घेऊन येते. साडेअकरापर्यंत थांबा. औषध आपण दोघं मिळून काढू.” पण मला अकरालाच मोकळं होऊन भाषणावर शेवटचा हात फिरवायचा होता. रोगिणीचं औषध सोमवारीच आलेलं होतं; मी थांबलो नाही.

बाटली चिमट्याने धरायची, खाली ट्रे ठेवायचा, ट्रेमध्ये टिपकागद घालायचा, असं सगळं भिंतीवर लिहिलेलं होतं. मी बाटली हाताने उचलली आणि पेल्यात ओतायला लागलो. मनात ‘अनुभवाला सर्टिफिकेट’ चाललंच होतं. हात जरासा हलला. टेबलाच्या कडेवरून काहीतरी खाली गेलं. मी वाकून पाहिलं. फरशी कोरडी होती. फार तर चार थेंब, असं म्हणून मी पेला झाकून ठेवला, हात धुतले, कारकुनाकडे जाऊन कागदावर सही केली, माझ्या खोलीत जाऊन भाषण आणलं आणि वाचत वाचत परत आलो.

साडेअकराला बाई आल्या. सवयीप्रमाणे किरण मोजायचं हातातलं छोटं यंत्र चालू करून त्या दारातून आत आल्या आणि दारातच थांबल्या. यंत्र कटकटायला लागलं होतं.

“सर, काही सांडलं?”

“छे. दोन-चार थेंब. तेही बहुतेक नाही.”

त्या खाली वाकल्या. यंत्राचं तोंड त्यांनी फरशीपासून वितीभर वर धरलं आणि हळूहळू सरकू लागल्या. एका ठिकाणी कटकट वाढली, पुढे कमी झाली, हातभर अंतरावर पुन्हा वाढली. पुन्हा कमी, पुन्हा जास्त. माझी पावलं होती ती. त्या पावलांच्या मागे बाई खोलीबाहेर गेल्या, व्हरांड्यातून कारकुनाच्या खिडकीपर्यंत गेल्या, तिथून माझ्या खोलीत, माझ्या खुर्चीपर्यंत आणि तशाच परत. मी त्यांच्या मागून चालत होतो. त्यांनी वळून यंत्र माझ्या उजव्या जोड्यावर धरलं. कटकटींमधली फट संपली आणि एकच सलग कर्र आवाज यायला लागला.

बाई एरवी माझ्याशी पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलायच्या. त्या क्षणी त्यांचं इंदोरा बाहेर आलं.

“हलू नका! सगळं जोड्याले लागलं हाये तुमच्या. अन् तुम्ही पूर्ण दवाखाना फिरून राहिले!”

पुढचे चार तास मी जन्मात विसरणार नाही. व्हरांडा दोरी बांधून बंद केला. कारकुनाला खुर्चीसकट बाहेर काढलं. बाईंनी फरशीवर खडूने माझ्या एकेका पावलाभोवती गोल काढला आणि एकेक गोल साबणाच्या पाण्याने पुसून, पुन्हा मोजून मगच पुढे सरकल्या. गोल बरेच होते. मी स्टुलावर बसून पाय बादलीत घालून घासत होतो. पाय सुटले, मोजे गेले. जोडे मात्र सुटले नाहीत. चामड्यात मुरलेलं निघत नाही. दिवाळीत घेतलेले, पॉलिश उतरलेलं नाही असे तपकिरी जोडे बाईंनी पिशवीत घातले, त्यावर तारीख लिहिली आणि शिशाच्या कपाटात ठेवले.

“किती दिवस?” मी विचारलं.

“ऐंशी. दहा वेळा निम्मं व्हायला पाहिजे.” मग कपाट लावत, “हिशेब करून बघायचा असेल तर बघा.”

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण बाईंनी झाकलेला पेला मोजला आणि माझ्याकडे पाहिलं. रोगिणीला जेवढं द्यायचं ठरलं होतं त्यापेक्षा पेल्यात बरंच कमी होतं. नवा डबा तपासणीपुरताच होता. मोठ्या मात्रेचं औषध पुढच्या आठवड्याशिवाय येणार नव्हतं. अर्धवट मात्रा देऊन उपयोग नव्हता.

बाहेर बाकावर ते जोडपं सकाळपासून बसलं होतं. मी अनवाणीच बाहेर गेलो आणि सांगितलं की औषध आज देता येत नाही, पुढच्या शुक्रवारी या.

नवरा उठून उभा राहिला. “काहून साहेब? आमचं काही चुकलं का?”

“नाही. माझ्या हातून सांडलं.”

  बायकोने माझ्या उघड्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे पाहिलं आणि नवऱ्याला विचारलं, “हे शिकेल डॉक्टर हायेत ना गा?”

“चूप वं!” नवरा दबक्या आवाजात म्हणाला. “साहेब मोठे हायेत.”

“मोठे हायेत ते दिसून राहिलं मले. शिकेल हायेत का, ते विचारलं.”

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मी आत निघून आलो. पंचवीस वर्षांत मला रोग्यांनी देव म्हटलं होतं, लुटारू म्हटलं होतं, एकाने तर घुबडही म्हटलं होतं. पण शिकलेला आहेस का असं कुणी विचारलं नव्हतं.

साडेतीन वाजले होते. घरी जाऊन पायात दुसरं काही घालायला वेळ नव्हता. ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरने रबरी चपला दिल्या. पांढऱ्या रंगाने दोन्हींवर मोठ्या अक्षरांत ‘ओ.टी.’ लिहिलेलं, एक पट्टा निळा, एक हिरवा. वर कोट, टाय आणि खाली ते. बाई माझ्याबरोबर रिक्षात बसल्या. त्यांनाही सभा ऐकायची होती. रस्ताभर त्या बाहेर बघत होत्या. त्यांचे खांदे मात्र हलत होते.

माझा मित्र आधी बोलला. त्याने नेमकं सांगितलं. एक्स-रेला परवाना लागतो, मोटार हाकायला परवाना लागतो, मग जे औषध रोग्याच्या पोटात गेल्यावरही किरण सोडत राहतं ते द्यायला काहीच कसं लागत नाही? टाळ्या बऱ्यापैकी पडल्या. मग मी व्यासपीठावर चढलो. फट्फट् फट्फट् आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला असावा.

“अनुभवाला सर्टिफिकेट लागत नाही,” मी सुरुवात केली. अंघोळीतल्यासारखं घुमलं नाही.

दुसऱ्या रांगेतून आमचे एक थट्टेखोर सर्जन म्हणाले, “डॉक्टरसाहेब, माझ्या थिएटरातल्या चपला तुमच्या पायात कशा?”

हशा पिकला. मलाही एक उत्तर सुचलं होतं, चांगलं चटकदार. पण मागच्या रांगेत बाई बसल्या होत्या. त्या हसत नव्हत्या. माझ्या भाषणाचे कागदही कुठे होते? तेही मोजून, पिशवीत घालून कपाटात गेले होते. मी चष्मा काढून पुसला आणि सकाळपासून जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. जोड्याचं सांगितलं तेव्हा सभागृह हसलं. खडूच्या गोलांचं सांगितलं तेव्हा जास्तच हसलं. काटोलकडच्या बाईने काय विचारलं ते सांगितलं तेव्हा हसू थांबलं.

“माझी निम्मी हरकत मी मागे घेतो,” मी म्हणालो. “शिकायला हवं. मला तर हवंच. पण उरलेली निम्मी हरकत राहू द्या. तीन महिने सगळे मुंबईला गेलो, तर नागपूरचं यंत्र बंद. मग ती बाई कापूस टाकून मुंबईला जाईल का? ती जाणारच नाही, ती घरी बसून थरथरत राहील. तेव्हा शिक्षण दोन टप्प्यांत द्या, जवळपास द्या, आमच्या जागी काम बघायला कुणीतरी पाठवा. नियम करणाऱ्यांनी एवढं करावं, परीक्षेचं आम्ही पाहून घेऊ.”

माझा मित्र उठून म्हणाला, “मला हे मान्य आहे, आणि याच्याशी सहमत व्हावं लागतंय याचं दुःख आहे.” ठराव तसाच झाला. दिल्लीला गेला. नियमाचं पुढे काय व्हायचं ते होवो, मी मात्र सोमवारीच मुंबईच्या अभ्यासक्रमाचा अर्ज भरला. शेवटच्या ओळीपर्यंत वाचून.

पुढच्या शुक्रवारी ते जोडपं पुन्हा आलं. या वेळी चिमटा, ट्रे, टिपकागद, बॅज, शेजारी बाई. रोगिणीने पेला दोन घोटांत रिकामा केला आणि तोंड वाकडं केलं.

“याले तं काही चवच नाई! एवढी भानगड केली, मले वाटलं कडूजहर असन.”

तीन-चार महिन्यांनी ती दाखवायला आली तेव्हा अंगाने भरली होती. तिने हात पुढे केला, पाण्याचा पेला धरून दाखवला. पाणी जागचं हललं नाही. मला विचारायचं होतं की आता काय वाटतं, शिकलेला आहे की नाही. विचारलं नाही. अजून निकाल लागायचा होता.

अभ्यास घरी जेवणाच्या टेबलावर चाले. बायको सातवीच्या पोरांना शिकवायची त्याच आवाजात मला शिकवी, चुकलं की “पुन्हा” म्हणे. मुंबईला दीड-दीड महिन्याच्या अशा दोन खेपा जाऊन आलो. वर्गात पहिल्या बाकावर बसलो, कारण मागून फळा दिसत नव्हता. शिकवणारा तरुण डॉक्टर मेडिकलला माझाच विद्यार्थी. मी त्याला एकदा तोंडी परीक्षेत नापास केलं होतं. त्याने ते विसरल्यासारखं दाखवलं, हा त्याचा चांगुलपणा. वैद्यकाच्या पेपरात मी वर्गात पहिला आलो. गणिताच्या पेपरात दोन मार्कांनी गेलो. घरी तार केली, ‘एका विषयात राहिलो.’ उलट तार आली, ‘कोणत्या ते माहीत आहे. पुन्हा.’ सहा महिन्यांनी पुन्हा बसलो आणि सुटलो.

वर्ष-दीड वर्षाने अंतिम नियम छापून आले. बाईंनी ते शांतपणे शेवटपर्यंत वाचले आणि माझ्यापुढे ठेवून एका कलमावर बोट ठेवलं. पाच वर्षांहून अधिक काळ हे काम करत असलेल्या डॉक्टरांना शिक्षण आणि परीक्षा यांतून सूट देण्यात येत आहे.

मी ते दोनदा वाचलं. घरी नेऊन बायकोला वाचायला दिलं. ती इतकी हसली, की तिला खुर्ची द्यावी लागली.

त्याच आठवड्यात रायपूरहून एका डॉक्टरांचा ट्रंककॉल आला. तेही आमच्यासारखेच, यंत्र गळ्यात पडलेले. आनंदाने ओरडत होते, “डॉक्टरसाहब, हम तो छूट गए!”

मी अभिनंदन केलं. मग विचारलं, “सोमवार को सौ है तो शुक्रवार को कितना रहेगा?”

“पचहत्तर,” ते ताबडतोब म्हणाले.

मी त्यांना पंधरा दिवस आमच्याकडे येऊन राहायचं आमंत्रण दिलं. ते दुखावले, फोन ठेवला. पण महिन्याभराने होल्डॉल घेऊन आमच्या दारात हजर झाले. बाईंच्या हाताखाली पंधरा दिवस राहिले आणि पहिले चार दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. जायच्या दिवशी स्टेशनवर सोडायला गेलो. गाडी लागली होती. पायरीवर उभं राहून, इकडेतिकडे बघत, सिग्नल पडल्यावर त्यांनी हळूच विचारलं, “वो बंबईवाला फॉर्म कहाँ मिलता है?”

मी खिशातून काढून दिला.